दाराला बाहेरून कुलूप आहे, मी आत आहे

किल्लीकाकांचं दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मध्ये उरलेली फट. एक माणूस आत बसला की दुसऱ्याने रस्त्यावर उभं राहायचं. भिंतीवर तीनेकशे कोऱ्या किल्ल्या, समोर किल्ली कापायचं यंत्र, डब्यात लहानमोठ्या कानशी, आणि सगळ्यावर पितळेचा बारीक चुरा. काकांच्या बाह्यांवर तो कायम चमकत असायचा. चौतीस वर्षं हा माणूस त्या फटीत बसून लोकांची अडलेली दारं मोकळी करत होता. हे काम ते आपल्या मामाच्या हाताखाली शिकले, आणि मामाने पहिल्याच दिवशी कान पिळून सांगितलं होतं, "दार उघडायचं, घरात डोकवायचं नाही. का, कशाला, कुणासाठी, हे आपण विचारायचं नाही. आपलं नातं कुलपाशी."

काकांनी ही शिकवण गाठीला बांधली. त्यांनी कधी कुणाला काही विचारलं नाही. लोकांना त्यांचा हा गुण फार आवडायचा.

सूनबाई एका फर्निचर कंपनीत कामाला होती. तिचं काम नक्की काय, हे काकांना तिच्या लग्नानंतर दोन वर्षं कळलं नव्हतं. "कॉम्प्युटरवर शब्द लिहिते," एवढंच ते लोकांना सांगायचे. एका सुट्टीच्या सकाळी तिने काकांच्या दुकानाची वेबसाइट उघडली आणि कपाळाला हात लावला. कुणीतरी कधीतरी बनवून दिलेली होती. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "विश्वसनीय व दर्जेदार सुरक्षा उपाययोजना".

"बाबा, हे कुणी लिहिलं?"

"ज्याने साइट बनवली त्याने. का? वजनदार आहे की."

"वजनदार आहे म्हणूनच बुडालंय. शोधून बघितलं मी. अकराव्या पानावर आहात तुम्ही. अकराव्या पानापर्यंत कुणी स्वतःचा हरवलेला नवराही शोधत जात नाही."

काका हसले. मग सूनबाईने त्यांना बसवून समजावलं. नुसता 'कुलूप' शब्द घेतला तर त्यावर मोठमोठ्या कंपन्या ठाण मांडून बसल्यात, तिथे आपला निभाव लागायचा नाही. पण माणूस अडचणीत असला की तो एक शब्द लिहीत नाही, अख्खं गाऱ्हाणं लिहितो. ते गाऱ्हाणं जसंच्या तसं आपल्या पानावर असेल, तर शोधणारा थेट आपल्याच दारात येतो.

"मला सांगा, तुम्हाला फोन करतात तेव्हा लोक काय म्हणतात?"

"काय म्हणणार? बोंबलतात."

"काय बोंबलतात, तेच हवंय मला."

काका आठवून आठवून सांगत गेले आणि सून लिहीत गेली. किल्ली कुलपात अर्धी तुटली. बाथरूमचं दार आतून लागलं, बाळ आत आहे. कपाटाची किल्ली कपाटातच राहिली. दार अडकलं आहे, उघडत नाही. प्रत्येक वाक्याचं तिने एकेक पान केलं आणि काकांनी बोलून दाखवलं तसं उत्तर खाली लिहिलं. पानाच्या वरच्या बाजूला तिने एक रिकामी चौकट ठेवली, "तुमची अडचण तुमच्या शब्दांत लिहा". तिथे कुणी काहीही लिहिलं की वेळेसकट तिच्या यादीत जमा व्हायचं. त्या यादीतूनच पुढची पानं सुचायची.

तीन महिन्यांत दुकान अकराव्या पानावरून पहिल्यावर आलं. काकांचा फोन दुपारी जेवू देईना. सोमवारी सकाळचा चहा घेताना सून आठवड्याची यादी वाचून दाखवायची आणि दोघं पोट धरून हसायचे. एकाने लिहिलं होतं, "सासूने किल्ली लपवली सापडत नाही". दुसऱ्याने, "मेलं दार उघड ना".

अशाच एका सोमवारी ती वाचता वाचता थांबली.

"बाबा, हे बघा जरा."

यादीत ओळीने लिहिलं होतं. दहा वाजून दहा मिनिटं, "दार अडकले आहे उघडत नाही". दहा वीस, "दार आतून ओढले तरी उघडत नाही". दहा पस्तीस, "बाहेरून कुलूप लावलेले दार आतून कसे उघडायचे". अकराला पाच कमी असताना, "दाराला बाहेरून कुलूप आहे मी आत आहे".

"कुणाला तरी चुकून कोंडलं असेल," काका म्हणाले. "होतं असं. एकदा एका गृहस्थाने बायको न्हाणीघरात असताना कुलूप लावून गाव गाठलं होतं."

"ही गेल्या सोमवारची नोंद आहे. ही मंगळवारची बघा."

मंगळवारी सव्वादहा, "दार अडकले आहे उघडत नाही". मग दार आतून ओढले. मग बाहेरून कुलूप. मग मी आत आहे. बुधवारी, गुरुवारी तेच. शुक्रवारी तेच. शनिवार-रविवार काही नाही.

"पोरंटोरं चेष्टा करत असतील," काका म्हणाले, पण त्यांचा आवाज त्यांनाच पटला नाही.

सून मागे मागे जात राहिली. मागचा आठवडा. त्याच्या मागचा. तिने आजवर ही वाक्यं एकेकटी पाहिली होती, गर्दीत विरलेली. एका ओळीत कधी लावून पाहिली नव्हती. आता लावली, तर सात आठवडे निघाले. पस्तीस दिवस, आणि प्रत्येक दिवशी कुणीतरी दार अडकलंय असं समजून सुरुवात करत होतं आणि तासाभरात बाहेरून कुलूप आहे या समजुतीला येत होतं. जणू आदल्या दिवशी काही घडलंच नव्हतं.

एका दिवशी मात्र शेवटी एक ओळ जास्तीची होती. सूनबाईने ती वाचली नाही, फक्त लॅपटॉप काकांकडे वळवला.

"बाहेरून कुलूप असताना घरात धूर झाला तर काय करायचे".

काकांच्या हातातला कप बशीवर टेकवताना इतका वाजला की स्वयंपाकघरातून त्यांची बायको बाहेर आली. "काय झालं? कोण गेलं?" तिने विचारलं. सुनेने लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

"कुठून लिहितंय हे, कळतं का?" काकांनी विचारलं.

"गाव कळतं, आपलंच आहे. घर नाही कळत. पण दरवेळी तुमच्याच साइटवर येतं. 'दार अडकलं' शोधलं की आपण पहिले दिसतो ना."

काका त्या दिवशी दुकानात गेले नाहीत. एक वही घेऊन बसले. सून म्हणाली होती, नेमकं हेच वाक्य वर मोठ्या अक्षरांत घालू, म्हणजे उद्या ते माणूस शोधेल तेव्हा पहिलं हेच पान समोर येईल. खाली उत्तर काकांनी लिहायचं. आणि काकांना उत्तर येईना. चौतीस वर्षांत असं झालं नव्हतं. बाहेरून कोयंडा आणि टाळं असेल, तर आतून काहीही करता येत नाही. तो बसवायचाच मुळी असा, की आतून काही करता येऊ नये. स्क्रू फक्त बाहेरच्या बाजूने बसवायचे, बिजागरीच्या खिळी निघू नयेत अशा ठोकून पक्क्या करायच्या. त्यांना ते सगळं हाताने पाठ होतं.

शेवटी त्यांनी चार ओळी लिहिल्या. "हे दार आतून उघडत नाही. तुमची काही चूक नाही. जोर लावू नका, हाताला लागेल. खाली तुमचा पत्ता लिहा, मी येतो."

सुनेने त्याच्याखाली पत्त्यासाठी मोठी चौकट केली. अक्षरं एवढी ठळक ठेवली की चष्म्याशिवाय वाचता यावीत. का कोण जाणे, तिला ते माणूस वयस्कर वाटत होतं.

मंगळवार गेला, बुधवार गेला. शोधण्याच्या यंत्राला नवीन पान सापडायला वेळ लागतो, सून म्हणाली. गुरुवारी अकरा वाजता काकांचा फोन वाजला.

"बाबा, आला! पत्ता आला!" तिचा श्वास फुलला होता. "काय नीट लिहिलाय, बघा. इमारत, जिना, मजला, डावीकडचं दार, खालच्या दुकानाची खूण. आणि शेवटी लिहिलंय, 'कृपया घाई नसावी, मी घरीच आहे'."

पत्ता दुकानापासून वीस मिनिटांवरचा होता. काकांनी पिशवी खांद्याला लावली आणि निघाले. ती इमारत, तिचा हिरवट रंगाचा जिना, कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला; पण या भागातला कुठला जिना त्यांनी पाहिला नव्हता? तिसऱ्या मजल्यावर डावीकडे वळले आणि दाराकडे पाहून जागच्या जागी खिळले.

कोयंडा जाड पोलादाचा होता, डोक्याच्याही वर वीतभर उंचीला बसवलेला. चौकटीत चार स्क्रू होते आणि चारही स्क्रूंच्या खाचा उभ्या, एका रेषेत. अख्ख्या गावात असे स्क्रू एकच माणूस लावायचा. मामाने लावलेली सवय. खाच आडवी राहिली तर टपली बसायची.

कोयंडा काकांनीच बसवला होता.

त्यांनी भिंतीला हात टेकला. आता सगळं आठवलं. आठ महिन्यांपूर्वीची गोष्ट. चष्म्याच्या दुकानात काम करणारा एक शांत, नीटनेटका माणूस त्यांना घेऊन आला होता. दार उघडं होतं, आत खुर्चीवर त्याची आई बसली होती. "कशासाठी रे एवढं मोठं?" तिने विचारलं होतं. मुलगा म्हणाला होता, "चोर फार झालेत, आई." आणि मग ती म्हातारी काकांकडे वळून म्हणाली होती, "मग स्क्रू चांगले आवळा हं."

त्यांनी चांगले आवळले होते. जोडीला दाराच्या आतली मूठ काढून द्या, असं मुलाने हळूच सांगितलं, तीही काढून दिली होती. का, असं विचारलं नव्हतं.

काकांनी दारावर टकटक केली. आतून लगेच आवाज आला, स्वच्छ, ठेवणीतला.

"नमस्कार, बोला."

"मी... मी कुलूपवाला. तुम्ही पत्ता पाठवलात."

"हो का? पाठवला असेन. जरा अडचण झालीये. हे दार अडकलंय बहुतेक."

काकांनी घड्याळ पाहिलं. अकरा वाजता या बाईला बाहेरून कुलूप आहे हे समजलं होतं. आता पाऊण तासात ते पुन्हा पुसलं गेलं होतं.

"उघडतो, ताई. दोन मिनिटं."

टाळं उघडायला त्यांना एरवी अर्धं मिनिट लागलं असतं. त्या दिवशी बारीक आकडा तीनदा हातातून पडला. दार उघडलं तेव्हा समोर इस्त्रीची साडी नेसलेली, केस बांधलेली, खांद्याला पर्स लावलेली बाई उभी होती. मागे टेबलावर मुलाने गाणी ऐकायला दिलेला टॅबलेट उघडा होता आणि त्यावर काकांच्याच चार ओळी.

"कामावर निघाले होते," ती म्हणाली. "तीस वर्षांत उशीर नाही झाला कधी."

ती टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, हे काकांना पुढच्या दहा मिनिटांत कळलं. जुने नंबर तिला घडाघडा येत होते. अग्निशमन, इस्पितळ, पोलीस, रेल्वे चौकशी, सगळे बंद पडलेले नंबर. मुलाचा नंबर विचारल्यावर मात्र ती चाचपडली आणि खजील होऊन हसली. शेजारच्या दारातून एक बाई डोकावली. "त्या ओरडतात हो अधूनमधून," ती म्हणाली. "आधी फार वाटायचं. मग सवय झाली."

काका तिच्याकडे बघतच राहिले. बोलायला तोंड तरी कुठे होतं?

मुलाचा नंबर त्यांच्या फोनमध्ये होता, आठ महिन्यांपूर्वीचा. पंधरा मिनिटांत तो धापा टाकत जिना चढून आला. दार सताड उघडं, आई आणि कुलूपवाला आत समोरासमोर बसलेले, हे पाहून त्याचा पारा चढला.

"तुम्हाला कुणी सांगितलं कुलूप उघडायला?"

"तुमच्या आईंनी."

"आईला काही आठवत नाही! दोनदा हरवली ती. एकदा तिच्या जुन्या ऑफिसात सापडली, आता तिथे गादीचं दुकान आहे. दुसऱ्यांदा भर रहदारीत, चौकाच्या मधोमध. मोटारी दोन्ही बाजूंनी जातायत आणि ही उभी! मी काय करू? काम सोडून घरी बसू? खायचं काय? आणि तुम्हीच तर बसवलंत ना हे कुलूप? तेव्हा नाही काही वाटलं?"

"नाही वाटलं," काका म्हणाले. "विचारायला हवं होतं. विचारलं नाही. ती माझी चूक."

भांडायच्या तयारीने आलेल्या माणसाला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. काकांनी सुनेने पाठवलेली यादी फोनवर उघडून त्याच्या हातात दिली. तो उभ्या उभ्या वाचू लागला. पहिल्या ओळीला म्हणाला, "हे आईने लिहिलंय?" मग तारखा बघत खाली खाली जात राहिला.

"मला वाटायचं, ती दिवसभर गाणी ऐकते," तो म्हणाला. "संध्याकाळी येतो तेव्हा हसत असते. मी विचारतो, कसा गेला दिवस? ती म्हणते, छान."

धुराच्या ओळीपाशी तो पोहोचला आणि आपण कुठे आहोत हे विसरून दारातच खाली बसला. आईला त्याला असं बसलेलं पाहून काळजी वाटली. तिने पर्स बाजूला ठेवली आणि त्याच्या कपाळावर हात ठेवून पाहिला. "ताप नाही," ती काकांना म्हणाली. "उपाशी असेल. घाईत खात नाही तो."

काकांनी त्या दुपारी कोयंडा काढला. चार भोकं लाकडाच्या खुंट्या ठोकून बुजवली, आतली मूठ परत बसवली. दार उघडलं की खाली शिवणकाम करणाऱ्या बाईच्या दुकानात घंटी वाजेल, अशी तार ओढून दिली. शिवणवाली म्हणाली, "अहो, मला आधी कुणी सांगितलंच नाही. मी दिवसभर इथेच तर असते."

पुढे सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. महिन्याभरात ऑपरेटरबाई सहा वेळा बाहेर पडल्या. पाच वेळा शिवणवालीने जिन्यातच गाठून त्यांना मशिनशेजारी बसवलं. सहाव्यांदा ती जेवायला गेली होती. तीन तास बाईंचा पत्ता नव्हता. त्या दिवशी मुलगा काकांच्या दुकानासमोर उभा राहून भर रस्त्यात ओरडला, "काही झालं तर जबाबदार कोण? तुम्ही?" काका दुकान उघडं टाकून त्याच्याबरोबर धावत सुटले. बाई सापडल्या, नदीकडच्या बागेत, एका बाकावर, अनोळखी माणसाला जुने नंबर पाठ म्हणून दाखवत. मुलाने कुलूप पुन्हा लावायचं नाव काढलं नाही. पण कितीतरी दिवस तो काकांशी बोललाही नाही. नंतर त्याने मालकाशी भांडून दुपारची पाळी मागून घेतली, आणि सकाळी आईला घेऊन तो स्वतःच फिरायला जाऊ लागला.

काकांना वाटलं, चला, आपल्या हातची एक चूक आपल्या हाताने सुटली. सुनेला म्हणाले, "ते पान काढून टाक आता. त्याचं काम झालं."

रात्रीची भांडी आवरून सुनेने लॅपटॉप आणला आणि त्यांच्यासमोर ठेवला.

"त्या वाक्याला आपण पहिले आहोत, बाबा. यंत्राला पान सापडलं त्या पहिल्याच दिवसापासून. एका दिवसात पहिला नंबर माझ्या नोकरीत मी कधी पाहिला नाही. मग लक्षात आलं, दुसरं कुणी स्पर्धेतच नाही. 'घराला बाहेरून कुलूप कसं बसवावं' यावर हजारो पानं आहेत. आतल्या माणसासाठी एकही नाही."

"बरं, मग?"

"महिन्याभरात हे पान त्रेसष्ट जणांनी उघडलंय. मी ऑपरेटरबाई धरलेल्या नाहीत त्यात."

काकांना आधी आकडाच कळला नाही. त्यांनी तो दोनदा विचारला. मग चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि स्वतः वाचला. त्रेसष्ट. कुठल्या कुठल्या गावांतून, कुणी सकाळी, कुणी भरदुपारी. बहुतेकांनी काही लिहिलं नव्हतं, नुसतं वाचून गेले होते. अकरा जणांनी चौकटीत काहीतरी लिहिलं होतं. पत्ता दोघांनीच दिला होता, आणि ती दोन्ही गावं काकांनी नकाशातसुद्धा पाहिली नव्हती. एकाने लिहिलं होतं, "येऊ नका. फक्त सांगा किती दिवस चालतं असं."

काकांची बायको हातात फडकं घेऊन तशीच उभी राहिली.

"पान राहू दे," शेवटी काका म्हणाले. "आणि त्या दोन गावांतले पोलीस, रुग्णालयं, जे कुणी माणूस जाऊन दार वाजवेल त्यांचे नंबर शोध. चालू असलेले. आत्ताच फोन करू. मग ते पानावर घाल. मला तर सगळीकडे जाता यायचं नाही."

सकाळी त्यांनी दुकानातल्या माळ्यावरून जुन्या वह्या खाली काढल्या. कुठल्या पत्त्यावर काय काम केलं, एवढंच त्यांत लिहिलेलं असायचं. बाहेरून कोयंडा बसवल्याच्या नोंदींवर ते पेन्सिलीने खुणा करत गेले. ऑपरेटरबाईंची सोडून चौदा निघाल्या. मग दुकानाला टाळं लावून ते एकेका पत्त्यावर जाऊ लागले. आठ ठिकाणी गोदामं होती. दोन ठिकाणी बिऱ्हाडं बदलली होती. एका घरात मोठा कुत्रा होता आणि मालकीणबाईंना काकांच्या प्रश्नाचं हसू आलं. एकाने "तुमचा काय संबंध?" म्हणून दार तोंडावर आपटलं, तिथून काका सरळ पोलीस चौकीत गेले, आयुष्यात पहिल्यांदा. तेरावं घर पाडलं होतं.

चौदावं दार एका अरुंद बोळाच्या टोकाला होतं. कोयंड्यावर टाळं होतं. काकांनी दार वाजवलं, कान लावला, पुन्हा वाजवलं. "आत कुणी आहे का?" त्यांनी हळूच विचारलं, मग जरा मोठ्याने. उत्तर आलं नाही. आत पंखा फिरत असल्यासारखा आवाज येत होता. कदाचित शेजारच्या घरातला असेल. काका तिथे बराच वेळ उभे राहिले. समोरच्या पायरीवर बसलेल्या बाईला त्यांनी विचारलं, इथे कोण राहतं? ती म्हणाली, माहीत नाही बाई, आपण कधी विचारलं नाही.

काका तिच्या शेजारी पायरीवर बसले आणि कुणी येईपर्यंत वाट बघू लागले.